पाण्याची पाळी

धुळ्यात देवपूरला आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर 14 वाफे आहेत, घरटी एक. मे महिन्यात सकाळी सहाला बोअर सुरू केली की पाऊण तासातच ती आचके द्यायला लागते. तेवढ्या पाण्यावर गवार, भेंडी आणि जळगावच्या वहिनीने दिलेल्या बियाण्याची भरताची वांगी जगवायची. याच वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला मात्र ते जूनपर्यंत तगलं तरी पुष्कळ.

पहिल्या उन्हाळ्यात ज्याचा कॉक त्याने उघडायचा, असं होतं. माझा वाफा मोटरीजवळचा. कोपऱ्यातल्या भेंडीने माना टाकल्या होत्या, मला दिसत होतं, तरी मी कॉक बंद केला नाही. ती लाज अजून आहे. पुढे ठिबकच्या नळ्या टाकल्या, पाणी वाचलं; वाटणीची कुरबुर तशीच राहिली.

मार्ग दाखवला तो कॉलनीतल्या नानांनी. त्यांचं आयुष्य पांझरेकाठी फडाच्या शेतीत गेलं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक, अशी ही काही शतकांची रीत. पाणी देणार पाटकरी, राखण करणार जागल्या. पाणी कमी असलं की कोणते फड भिजवायचे, ते सगळे बसून ठरवतात.

“आपल्या वाफ्याचा कॉक आपण उघडायचा नाही,” नाना म्हणाले. “पाटकरी नेमा. त्याने शेवटच्या वाफ्यापासून सुरुवात करायची.”

आता दर आठवड्याला पाटकरी बदलतो. या आठवड्यात मी आहे. वाफ्यांवर कडुनिंबाचा आणि बदामाचा चार बोटं जाड पाचोळा आहे. हाच पाचोळा पूर्वी रोज सकाळी कोपऱ्यावर जाळायचे आणि घराघरांत धूर शिरायचा. पाचोळा सारून बोट मातीत खुपसायचं. वर चटका बसतो, खाली मात्र माती गार लागते. मुठीत दाबून गोळा झाला, तर त्या वाफ्याला आज पाणी नाही. भुगा झाला, तर कॉक उघडायचा.

आज कोपऱ्यापासून नऊ वाफे झाले आणि नळीतून फुसफुस हवा यायला लागली. मोटर बंद केली. माझ्या वाफ्यातली वांगी दुपारी पानं पाडतील. त्यांच्या बुडाशी आणखी दोन घमेली पाचोळा ओढला. उद्याची सुरुवात दहाव्या वाफ्यापासून.