मुरबाड

मुरबाड हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील एक लहान शहर व तालुक्याचे मुख्यालय आहे. ते कल्याणपासून सुमारे ३० किमी अंतरावर, माळशेज घाटातून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसले आहे. येथील स्थानिक कारभार नगरपंचायतीकडे आहे. शहरात रेल्वे नसल्याने प्रवासाची भिस्त मुख्यतः एसटीवर असून, कल्याण–मुरबाड रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे.

लोकजीवन
तालुक्यात कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात हे मुख्य पीक असून वरी व नाचणीही पिकवली जाते. भातकापणीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात. पौष पौर्णिमेस भरणारी म्हसा येथील यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे.

बारवी धरण
औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचे पाणी उद्योगांसह ठाणे, कल्याण-डोंबिवली इत्यादी शहरांना पुरवले जाते. त्याच्या जलाशयात तालुक्यातील शेतजमिनी व वस्त्या बुडाल्या. उंची टप्प्याटप्प्याने वाढवल्यामुळे पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. पुढे विस्थापित कुटुंबांतील व्यक्तींना महामंडळात व लाभार्थी महापालिका-नगरपालिकांत नोकऱ्या देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. दुसरीकडे, तालुक्यातील अनेक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसावी लागते.

इतिहास
तालुक्यातील सिद्धगड येथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हे क्रांतिकारक पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी या दिवशी तेथे त्यांना अभिवादन केले जाते.