बाटलीतला गाळ आणि दोन एम.एस्सी.

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलात सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्रीच्या स्थानिक शाखेची सभा भरली. महापालिकेच्या नदी-खात्यातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तिथे एक निबंध वाचला. गाळणशय्या न वापरता सांडपाण्याचं ऑक्सिडीकरण कसं करता येईल, याबद्दलचे प्रयोग त्यात होते. विषय असा की, श्रोत्यांतल्या अर्ध्यांनी चहाची वाट पाहिली असेल. पण आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचं सांडपाणी ज्या ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीने शुद्ध होतं, ती त्या सभेत जाहीर झाली.

या निबंधाची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षं पडून आहे. मला कुतूहल पद्धतीचं कमी आणि शीर्षकाखालच्या दोन नावांचं जास्त: एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट. दोघेही एम.एस्सी., दोघेही पालिकेचे नोकर. सांडपाण्याच्या खात्यात नोकरी धरलेल्या पदवीधराचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणाला पडत नाही. सिव्हिलवाल्याने पूल बांधावा, मेट्रो बांधावी, फार तर धरण. ‘मुलगा पाणीपुरवठ्यात आहे’ इथपर्यंत स्थळ चालतं. ‘ड्रेनेजमध्ये आहे’ हे साखरपुड्यानंतर कळलेलं बरं.

मँचेस्टरचं डेव्हिहुल्मचं सांडपाणी केंद्र १८९४ सालचं, म्हणजे मँचेस्टर शिप कॅनॉल सुरू झाला त्याच वर्षीचं. शुद्ध केलेलं पाणी त्या कालव्यात सोडायचं, म्हणून पालिकेवर सतत डोळा असे. सांडपाण्यावरचं रॉयल कमिशन १८९८ पासून काम करत होतं. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने वीस-तीसचा दंडक घालून दिला: लिटरमागे बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २० मिलिग्रॅम, तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम. तिकडे बीओडीचा नमुना पाच दिवस ठेवतात. आपल्या उष्ण हवेत २७ अंशांवर तीन दिवस पुरतात. या धंद्यात आलेला प्रत्येक नवशिका आधी याच बाटल्या धुतो.

आता मुख्य गोष्ट. सांडपाण्यात हवा सोडली की ते सुधारतं, हे तेव्हा नवीन नव्हतं. लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये भल्याभल्यांनी ते करून पाहिलं होतं आणि वेळ फार लागतो म्हणून सोडून दिलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये लॉरेन्सला १८८७ पासून एक प्रयोग केंद्र होतं. तिथे क्लार्क आणि गेज हे दोघे बाटल्यांत शेवाळ वाढवून सांडपाण्यात हवा सोडत होते. न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणाच्या कामासाठी अमेरिकेत गेलेल्या गिल्बर्ट फाउलर यांनी १९१२ च्या नोव्हेंबरात ते पाहिलं. फाउलर हे मँचेस्टरचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ. परत आल्यावर त्यांनी आर्डर्न आणि लॉकेटना सुचवलं: करून पाहा.

दोघांनी बाटल्या घेतल्या, भोवती तपकिरी कागद गुंडाळला (उजेड मिळाला की शेवाळ वाढतं, आणि त्यांना शेवाळ नको होतं) आणि हवा सोडायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढ्यावर कोणीही अहवाल लिहून मोकळा झाला असता, कारण आधीचे सगळे इथेच थांबले होते. या दोघांनी हवा बंद केली, गाळ खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी काढून घेतलं आणि उरलेल्या गाळावरच नवं सांडपाणी ओतलं. पुन्हा हवा. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेला आणखी कमी. गाळ साठत गेला आणि अखेर आठवड्यांचं काम २४ तासांच्या आत व्हायला लागलं. विरजण जपावं तसा त्यांनी गाळ जपला. कामाचे जिवाणू पाण्यात नव्हते, गाळात होते. आणि तोवर प्रत्येक जण तोच घाण म्हणून फेकत आला होता.

हा शोध बुद्धीचा खराच, पण त्याहून जास्त सवडीचा आहे, असं मला वाटतं. पाच आठवडे चाललेला प्रयोग तितक्याच चिकाटीने पुन्हा लावायला वरिष्ठांनी हरकत घेतली नाही. दोघांची बदली झाली नाही. बाटल्या केंद्रावरच होत्या, खरं सांडपाणी हाताशी होतं आणि प्रयोगशाळा म्हणजे वार्षिक अहवालात फोटो छापण्याची जागा नव्हती. फाउलर यांचं नाव निबंधाच्या माथ्यावर नाही. सूचना त्यांची होती, हे आत मजकुरात नोंदवलंय. साहेबाने आपलं नाव वर चढवलं नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या संशोधन संस्थांत भिंतीवर लावण्यासारखी.

त्याहीआधी, १९०१ मध्ये, इंग्लंडातल्या सांडपाणी केंद्रांच्या व्यवस्थापकांनी आपली संघटना काढली होती. १९३२ मध्ये तिची इन्स्टिट्यूट ऑफ स्यूएज प्युरिफिकेशन झाली आणि १९८७ च्या विलीनीकरणानंतर ती आजच्या चार्टर्ड संस्थेत सामावली. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण त्याचा परिणाम कंटाळवाणा नाही: नाल्याच्या टोकाला काम करणाऱ्या माणसाला आपला एक व्यवसाय आहे, त्यात पायऱ्या आहेत, निबंध वाचायला व्यासपीठ आहे आणि चार जाणकार ते ऐकायला येतात, हे ठाऊक असतं. दोन पालिका नोकर हॉटेलात जाऊन जगाला नवी पद्धत सांगतात, त्यामागे हे सगळं असतं.

पैसा मात्र दुसरीकडेच गेला. पेटंटं स्टूरब्रिजच्या जोन्स अँड ॲटवुड या कंपनीकडे गेली आणि पुढची काही दशकं पालिकांकडून रॉयल्टी मागण्यात गेली. अमेरिकेत लेस्ली फ्रँक या सरकारी आरोग्य खात्यातल्या इंजिनिअराने आपलं याच विषयातलं पेटंट लोकांना खुलं करून टाकलं. मिलवॉकी शहराने १९२५ मध्ये मोठा प्रकल्प सुरू केला, तर त्याच्यावर खटला झाला. शहर हरलं. प्रकल्प बंद करा, असा हुकूमही निघाला. १९३४ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटभंग मान्य केला, पण बंदीचा हुकूम उठवला: प्रकल्प बंद केला तर सगळ्या शहराची घाण मिशिगन सरोवरात जाईल. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. गाळात जिवाणू कसे जगतात, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं, देव जाणे.

फाउलर १९१६ मध्ये बंगळूरला आले, टाटांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथल्या जीवरसायन विभागाचे ते पहिले प्राध्यापक. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांच्याशी भांडून ज्या विभागात शिरल्या, तो हाच. मुलींना प्रवेश न देण्याचा रामन यांचा हेका मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. विभागाच्या पहिल्या प्राध्यापकाची हयात सांडपाण्यात गेली होती, हे मात्र मला उशिरा कळलं, आणि त्यानंतर तो प्रसंग मी वेगळ्या नजरेने वाचतो. टाटांच्याच जमशेदपुरात एफ. सी. टेंपल नगर अभियंता असताना ॲक्टिव्हेटेड स्लजचा कारखाना चालू झाला. फाउलर १९५३ मध्ये बंगळुरातच वारले.

स्वातंत्र्यानंतरचं झटपट सांगतो. १९५८ मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली. १९७४ मध्ये तिचं नाव नीरी झालं. तिचे संचालक राहिलेले एस. जे. आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिडेशन तलावांवर केलेलं काम आजही संदर्भाला लागतं, कारण ते आपल्या उन्हाचा आणि आपल्या पैशाचा विचार करून केलेलं होतं. राज्यात जीवन प्राधिकरणाची नाशिकची प्रशिक्षण अकादमी आहे. सहाय्यक अभियंत्याला पगारी डेप्युटेशनवर पर्यावरण अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेता येत असे, आणि त्या वाटेने आलेल्या पिढीला आपलं काम खरोखर येत होतं. परतल्यावर त्यांतल्या काहींना रस्त्यांच्या खात्यात टाकलं गेलं, हेही त्याच वाटेवरचं.

आता चित्र बदललंय. बांधणं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं चालवणं मिळून एकच टेंडर निघतं. टेंडरमध्ये मनुष्यबळाचं कोष्टक असतं: प्लँट मॅनेजर एक, केमिस्ट एक, ऑपरेटर शिफ्टला अमुक. नव्या पदवीधराचा शिरकाव या कोष्टकातून होतो. गंमत अशी की, नवी मुंबईत नेरूळला किंवा तत्सम प्रकल्पांत जी एसबीआर पद्धत आहे, ती लॉकेटच्या बाटलीच्या फार जवळची: टाकी भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ ठेवा. फक्त आता व्हॉल्व्ह पीएलसी, म्हणजे स्वयंचलित नियंत्रक, उघडतो.

एका शहराच्या सांडपाणी केंद्रावर अशाच एका केमिस्ट मुलीबरोबर मी सकाळ काढली. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग पर्यावरण विज्ञानात एम.एस्सी. तिने लिटरभराच्या जारमध्ये टाकीतलं पाणी भरलं आणि मोबाइलवर तीस मिनिटं लावली. चांगला गाळ असला की तो पहिल्या पाच मिनिटांतच झरझर खाली जातो आणि वर स्वच्छ पाण्याची रेघ दिसते. त्या दिवशी गाळ जारच्या सातशेच्या खुणेखाली जाईना, मऊ ढगासारखा तरंगत राहिला. तिने एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. केसांसारखे तंतू दिसले. “फिलामेंट्स वाढलेत सर. रात्री ब्लोअर कमी चालवतात, वीजबिलासाठी. मागच्या हिवाळ्यात असंच झालं होतं का, ते बघायला हवं होतं.” मागच्या हिवाळ्याची रजिस्टरं आधीचा कंत्राटदार जाताना घेऊन गेला होता. ती स्वतः तिथे आठ महिने होती. तिच्या आधीचा केमिस्ट वर्षही न काढता फार्मा कंपनीत गेला होता.

तिची पदवी कामाची आहे, डोळाही आहे. पण आर्डर्न-लॉकेटना जी सवड होती, तिचा हिशेब या कोष्टकात बसत नाही. आणि ज्याला खाली उतरावं लागतं, तो तर कोष्टकातही नसतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही मॅनहोलमध्ये माणसं मरतात आणि परवान्याच्या कागदावर सही पदवीधराची असते. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

बांधकामाच्या निविदेत सिमेंटच्या दर्जापासून पंपाच्या घराण्यापर्यंत सगळं लिहितात. त्यात चार ओळी वाढवल्या तर बिघडणार नाही: रजिस्टरं आणि प्रयोगशाळेच्या नोंदी पालिकेच्या मालकीच्या राहतील, कंत्राटदार बदलला तरी केमिस्ट आणि एक इंजिनिअर निदान तीन वर्षं त्याच केंद्रावर ठेवले जातील, पगार पालिका देईल, आणि त्यांना वर्षातून एक प्रयोग स्वतःच्या मर्जीने करता येईल. नागपूर, नाशिक आणि व्हीजेटीआयच्या मंडळींनी ते प्रयोग दरवर्षी एकत्र बसून ऐकावेत. हॉटेल ग्रँड नसलं तरी चालेल.