बापाच्या मागावर दिनू

पोळ्याचा दुसरा दिवस नागपूरच्या इतवारीत मोठा गमतीचा. एकीकडे तान्ह्या पोळ्यासाठी पोरं लाकडी बैल सजवत असतात, दुसरीकडे गावाची ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ची, पिवळीची १८८५ची. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत वर्षभराचा राग निघतो. पोरखेळ आणि पीडा एकाच रस्त्यावरून नेण्याची आम्हा वैदर्भीयांना सवय आहे. सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ मला इतका आपला वाटतो तो त्यामुळेच.

२००९च्या या चित्रपटात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) पोटात गोळा येतो. तिचा नवरा किसना (गिरीश कुलकर्णी) हल्ली घुम्यासारखा वागतोय. त्याला सरळ विचारायचं तर तोंड उघडत नाही. मग ती त्याला चांगलंचुंगलं करून घालते आणि लहानग्या दिनूला त्याच्या मागे लावून देते. बाबाला एकटं सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. ज्योती सुभाष यांची म्हातारी आजीही या पहाऱ्यात सामील होते.

किसनाला यातलं काही ठाऊक नाही. घर त्याच्यावर डोळा ठेवून आहे आणि त्याचा डोळा आभाळाकडे. जिकडे बाप तिकडे पोरगं, यातून हसू फुटतं आणि आपण नेमके कशाला हसलो हे कळलं की ओशाळायला होतं. अमन अत्तारचा दिनू शहाण्यासारखा बोलत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही. त्याला दिलेलं काम तो करतो, कंटाळतोही. मराठी पडद्यावरच्या समंजस बालकांच्या गर्दीत हे पोर मला जास्त खरं वाटतं.

या कथेमागचा काळ आठवतो ना? २००६च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मेलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ यावर ठरू लागलं. कर्ज, नापिकी, सात-बारा, सगळं तपासून झालं, पण जिवंत असताना तो माणूस गप्प का झाला, हे विचारणारा रकाना कुठे होता? चित्रपटात ते काम घरातल्या पोराकडे येतं.

परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरची भावंडं आईचं मशीन सोडवायला बांगड्या विकतात. तिथे पैसे जमले की संकट टळणार असतं, म्हणून तो चित्रपट बघताना जीव हलका राहतो. दिनूने किती पैसे जमवले म्हणजे पाऊस येईल? मन्वर यांनी त्याला हिरो केलं नाही, हीच या चित्रपटाची मोठी जमेची बाजू. शेवट इथे सांगत नाही. तो रॉटरडॅमच्या महोत्सवातल्या प्रेक्षकांनी आपल्या आधी पाहिला होता, एवढं मात्र सांगतो.

चित्रपट जरूर पाहा. आणि आपल्या घरात किंवा गावाकडे कुणी किसनासारखं गप्प झालं असेल, तर पहाऱ्याला पोर ठेवू नका. मोठ्यांनी शेजारी बसून सरळ विचारा आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लावून द्या. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.