कुंडीच्या तळाशी अडलेलं पाणी

कारंजा लाडच्या शिवारातली काळी माती कापसासाठी ओळखली जाते. या भागातला कापूस बंदराकडे न्यायला मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी धावली, आणि लोकांनी तिला शकुंतला म्हणून आपलंसं केलं. पण तीच माती घमेलंभर आणून गच्चीवरच्या कुंडीत भरली आणि तिच्यात टोमॅटोचं रोप लावलं, तर ते बहुधा पिवळं पडत जातं. माती तीच, ऊन तेच, पाणी तर शेतातल्यापेक्षा जास्त. मग बिघडतं काय?

उत्तर मातीत कमी आणि कुंडीच्या तळात जास्त दडलेलं आहे.

आधी मातीकडे बघू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्यांतून घडलेल्या बेसाल्ट खडकाची झीज होत होत जी चिकणमाती तयार झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर आहे. त्याचे कण इतके पातळ पापुद्र्यांचे असतात, की शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमच्या सगळ्या पापुद्र्यांची बाजू न् बाजू मोजली तर 700 चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रफळ भरतं. म्हणजे चमचाभर, सहा ग्रॅम खनिजात एक एकर! या एकराला पाणी चिकटतं, पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस गेल्यावरही पऱ्हाटी आणि तूर तग धरून राहतात, त्या या साठवणीच्या जोरावर.

शेतात हे जमतं, कारण तिथे मातीखाली आणखी माती असते. पाऊस पडला की खालची कोरडी माती वरचं पाणी ओढून घेते. वरच्या मोठ्या पोकळ्या रिकाम्या होतात, त्यांत हवा शिरते आणि दोन-चार दिवसांत वाफसा येतो. वाफसा म्हणजे मुळांना एकाच वेळी पाणीही मिळतं आणि श्वासही घेता येतो अशी अवस्था. मुळांना प्राणवायू लागतोच, आणि तो पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की मुळं ओलीचिंब असूनही गुदमरतात.

कुंडीत खाली ओढून घेणारं कुणी नाही. भोकाखाली नुसती हवा आहे, आणि हवा पाण्याला ओढत नाही. म्हणून तळाशी एक पूर्ण भिजलेला थर उरतोच, भोकं कितीही पाडा. हे स्पंजवर स्वच्छ दिसतं. आयताकृती स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं पूर्ण थांबू द्या, मग तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. तळाशी अडून राहणाऱ्या थराची जाडी ठरते ती पोकळ्यांच्या बारीकपणावर. भांड्याच्या उंचीशी तिचा जवळजवळ संबंध नाही. त्यामुळे एकच मिश्रण पसरट ट्रेमध्ये भरलं तर बहुतेक सगळं चिखलासारखं राहतं, आणि तेलाच्या 15 किलोच्या डब्यात भरलं तर वरचा मोठा भाग हवेशीर होतो. आपल्या काळ्या मातीच्या पोकळ्या मात्र इतक्या बारीक, की अडलेल्या पाण्याचा थर जवळजवळ काठापर्यंत पोचतो.

मग तळाशी खापरं आणि खडी घालायची जुनी रीत? इथे खरी गंमत आहे. बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरतात, मोठ्या पोकळ्या सैल. घट्ट धरलेलं पाणी सैल जागेत आपण होऊन उतरत नाही; वरची माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच थांबतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले मृदाशास्त्रज्ञ वॉल्टर गार्डनर यांनी 1950च्या दशकात काचेच्या पेटीत मातीचे थर रचून पाण्याची ही चाल चित्रफितीत टिपली. उतरत आलेलं पाणी जाड कणांच्या थराच्या सीमेवर अडतं आणि आडवं पसरत जातं. म्हणजे खडी घातल्याने भिजलेला थर जात नाही, उलट तेवढा वर चढतो आणि मुळांची जागा खातो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे. खडीऐवजी भोकातून कापसाची जाड वात ओवून खाली लोंबती सोडावी. ती पाण्याला खाली यायला सलग वाट देते, जे काम शेतात खालची माती करते. कारंजाला वातीसाठी कापूस शोधत जावं लागणार नाही.

म्हणून कुंडीचं मिश्रण शेतासारखं असून चालत नाही. काळी माती थोडीच घ्यावी, फार तर चौथा भाग. बाकी पूर्ण कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा चाळलेला जाड मुरूम. मूठभर बारीक वाळू मिसळून काही होत नाही, कारण तिच्या कणांमधल्या फटी चिकणमातीच भरून टाकते.

भांडं किती मोठं हवं? जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधकांनी 2012 साली जगभरातले 65 प्रयोग एकत्र तपासले. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं, की झाडाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढत होतं. दवाखान्यात मेंदूचे फोटो काढतात त्या एमआरआय तंत्राने त्यांनी कुंडीच्या आतली मुळंही पाहिली. मुळं थेट भिंतीकडे धावत होती आणि बहुतांश पसारा बाहेरच्या अर्ध्या भागात होता. विदर्भाच्या उन्हात हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण काळ्या प्लास्टिकची भिंत सगळ्यात आधी तापते आणि मुळं नेमकी तिलाच चिकटलेली असतात. मातीच्या कुंडीची भिंत माठासारखी पाझरते आणि गार राहते, पण पाणी लवकर संपतं. कापडी ग्रो बॅगमध्ये भिंतीशी पोचलेलं मूळ हवेने सुकतं आणि मागून नव्या फांद्या फुटतात, म्हणून मुळं गोल गोल गुंडाळत नाहीत.

भांड्याची निवड झाडाच्या स्वभावाशीही, म्हणजे ते फुलायची वेळ कशी ठरवतं याच्याशीही, जोडलेली आहे. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सोयाबीनची एक जात थोड्या थोड्या दिवसांनी पेरली, तर मागाहून पेरलेली झाडंही पहिल्यांच्या सोबतच फुलांवर आली. ती झाडं दिवस-रात्रीची लांबी मोजत होती. हे त्यांनी 1920 साली जगापुढे मांडलं. आज आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर शेजारी उभ्या असतात, आणि दोन्ही रात्र वाढण्याची वाट बघतात. पऱ्हाटीचे रानटी पूर्वजही तसेच होते. माणसाने निवडत निवडत तिला या बंधनातून सोडवलं. टोमॅटोचंही तेच झालं. ही झाडं दिवस मोजत नाहीत, ठरावीक पानं आली की फुलतात.

दिवस न मोजणाऱ्या अशा झाडाला थांबणं माहीत नाही. मुळं कोंडली, रोप उपटताना तुटली, आठवडा वाया गेला, तरी फुलांची वेळ पुढे ढकलली जाईलच असं नाही. मग लहान झाडच फुलतं. बुटक्या टोमॅटोला म्हणूनच वीसेक लिटरची, रंगाच्या बादलीएवढी जागा सुरुवातीलाच द्यावी आणि बी शक्यतो तिथेच टोचावं. मोठ्या भांड्यात इवलंसं रोप असताना मात्र सगळी माती भिजवू नये. ते पाणी प्यायला मुळं नसतात, आणि तळाचा थर आंबतो. रोपाभोवती वीतभर आळं करून तेवढंच भिजवावं, आणि पानं वाढतील तसं आळं रुंद करावं.

झाड मोठं झालं, की भांडं कडेने किंचित उचलून बघणं ही सगळ्यात खरी परीक्षा. वजन हाताला कळतं. वरची माती फसवते. हलकं लागलं की झारीने पाणी सावकाश, दोनदा थांबून, भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत द्यावं. त्या थोड्या पाण्याबरोबर बोअरच्या जड पाण्यातले क्षार निघून जातात. पण आधी भिंतीपाशी फट पडली आहे का, ते बघावं. काळी माती सुकून आक्रसली की पाणी त्या फटीतून सरळ भोकात जातं; खाली धार लागलेली असते आणि मातीचा गोळा आतून कोरडाच. अशा वेळी फट बोटाने बुजवून, थोडं थोडं पाणी देऊन माती आधी फुगू द्यावी लागते.

राहिली पेरणीची वेळ. टोमॅटो दिवसाची लांबी बघत नाही, म्हणून कारंजात तो एप्रिलमध्येही फुलतो. फळ मात्र धरत नाही, कारण पस्तीस अंशांच्या पुढे परागकण निकामी व्हायला लागतात आणि फुलं गळतात. पाऊस ओसरताना, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात बी टोचलं, तर फुलं दिवाळीच्या आसपासच्या थंडाव्यात येतात आणि फळं हिवाळाभर तोडता येतात.