शर्यतीच्या विमानाची बेगमी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या इंजिनावर लेख लिहावा, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु कल्याणहून मलंगगडाच्या बाजूला जाताना नेवाळीजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या ओसाड पट्टीने माझे कुतूहल जागे केले आणि माझ्या मामांनी ते वाढवले. मामा डोंबिवलीहून रोज सांताक्रूझला विमानांच्या देखभालीच्या कामावर जात; आता ते निवृत्त झाले आहेत. विमानांची शर्यत म्हटली की आपल्यासमोर वैमानिक उभा राहतो. मामांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हँगरमध्ये हात काळे करणारा मेकॅनिक. हा लेख त्याच्या कामाविषयी आहे.

आरंभ आपल्याच इतिहासापासून करू. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी १९२९ साली ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. १९३० च्या मे महिन्यात दोन तरुण समोरासमोरून येत होते. २५ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, तर १७ वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांची विमाने जिप्सी मॉथ जातीची, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि ते नव्या प्लगांची वाट पाहत अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. पुढे अस्पी थोडक्या फरकाने जिंकले आणि १९६० मध्ये भारतीय वायुदलाचे प्रमुखही झाले. टाटांच्या दिलदारपणाची ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मामा तिच्यातून दुसरेच काढतात. ते म्हणतात, "स्कूटरला असतो तेवढाच तो प्लग. पण सगळी शर्यत त्याच्यापाशी येऊन थांबली होती की नाही?"

आता शर्यतीचे विमान म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत नेवाडा राज्यातील रेनो येथे १९६४ ते २०२३ या काळात सप्टेंबर महिन्यात होणाऱ्या शर्यती जगप्रसिद्ध होत्या. उंच खांबांना वळसे घालत, जमिनीलगत, अनेक विमाने एकाच वेळी धावत. त्यांतील 'फॉर्म्युला वन' नावाच्या गटात एकाच माणसापुरते चिमुकले विमान असते. त्याचे इंजिन शिकाऊ वैमानिकांच्या साध्या विमानातलेच, १०० अश्वशक्तीचे. हे इंजिन एरवी मिनिटाला २,७५० फेरे घेण्यासाठी केलेले; शर्यतीत मात्र त्याला ४,००० च्या आसपास फेरे घ्यायला लावतात आणि विमान ताशी ४०० किलोमीटरच्या घरात जाते. जे इंजिन जन्मभर बेताने चालायचे, त्याला काही मिनिटांत पिळून काढायचे. म्हणूनच एक हंगाम संपला की पुढच्याची तयारी सुरू होते. आगोटीपूर्वी आपल्याकडे घरोघर बेगमी करतात, तसाच हा प्रकार.

प्रथम इंजिनावरचे पत्रे उतरवून सारे धुऊन स्वच्छ करतात, कारण मळाखाली तडा दिसत नाही. मग जुने तेल काढून त्याचा फिल्टर कापून उघडतात. त्यात धातूचा चुरा चमकला, तर आत काहीतरी झिजते आहे असे समजावे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये ठराविक दाबाची हवा सोडून ती किती टिकते ते पाहतात. हवा कोठून निसटते ते कान देऊन ऐकले की दोष झडपेत आहे की पिस्टनच्या कड्यांत, हे कळते. प्लग काढून त्यांच्या टोकांचा रंग पाहतात. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि पांढुरका असेल तर इंजिन फाजील तापते आहे.

पुढे पंख्याची पाती. त्यांवर खड्याने पडलेली बारीकशी खाचही कानशीने घासून गुळगुळीत करतात, नाहीतर तिथूनच तडा वाढत जातो. मग पंख, शेपूट, सुकाणूच्या तारा आणि बिजागऱ्या हाताने हलवून पाहायच्या. खुळखुळा वाटता कामा नये. सर्वांत शेवटी पंखांवरच्या फटी बुजवून त्यांना झिलई करतात, कारण वाऱ्याचा अडथळा कमी झाला की त्याच इंजिनात वेग वाढतो. पाहणाऱ्याला दिसते ती एवढी झिलईच.

या कामात हयगय झाली तर काय होते? १६ सप्टेंबर २०११ रोजी रेनोलाच 'गॅलपिंग घोस्ट' हे मोठे शर्यती विमान प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिकासह ११ माणसे गेली. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की शेपटीवरील एका लहान पट्टीचे स्क्रू धरून ठेवणारे लॉकनट जुने, झिजलेले होते. त्यामुळे स्क्रू सैल झाले आणि अतिवेगात ती पट्टी थरथरू लागली. असे नट एकदा काढले की फेकून नवे लावायचे असतात. किंमत म्हणावी तर किरकोळ.

मी मामांना एकदा विचारले, "जुना नट धड दिसत असताना तो फेकायला जिवावर येत नाही का?" ते म्हणाले, "अरे, बाहेर आपण दिवसातून दहा वेळा 'चालेल' म्हणतो. आमच्या हँगरात तो शब्द नव्हता. वहीत सही करायची, तर ज्याच्यासाठी करतो तो माणूस कधी दिसणारही नसतो."

हे ऐकल्यापासून रविवारच्या मेगाब्लॉकवर चिडण्याचे मी कमी केले आहे. कळव्याच्या कारशेडमध्ये रात्री लोकलखाली कंदील घेऊन वाकणारा माणूसही याच जातकुळीतला. आपण रोज सकाळी त्याचे नावही न विचारता त्याच्या भरवशावर दाराशी लोंबकळतो. वैमानिकाला निदान टाळ्या तरी मिळतात.