पेडगाव आणि भिंगार

श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आहे. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये विदूषकाचे कपडे चढवून इथेच औरंगजेबासमोर आणलं. पुढच्या महिन्यात त्यांची हत्या झाली. ही जखम आमच्या जिल्ह्याच्या मातीत आहे. त्यामुळे ‘कबर हटाव’ म्हणणाऱ्या पोराच्या डोळ्यांतला संताप मला खोटा वाटत नाही.

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची खुलताबादची कबर उखडण्याची मागणी पेटली. १७ तारखेला नागपुरात दंगल उसळली, संचारबंदी लागली, एक जीव गेला.

मुळात कबर हटवता येते का? ती राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार अशा वास्तूची नासधूस केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षण काढून घ्यायचं झालं, तर त्याच कायद्याच्या कलम ३५ खाली फक्त केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढू शकतं. राज्य सरकारच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात ते नाही, मोर्चाच्या तर नाहीच.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला, पण चौकाचं ‘काळा घोडा’ हे नाव काही गेलं नाही. पुण्यात दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेच्या ठरावानंतर डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातून काढला, तोही रात्रीच्या अंधारात. राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा मात्र जानेवारी २०१७ मध्ये थेट फोडून नदीत फेकला गेला. ब्रिस्टलच्या लोकांनी २०२० मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्याचा, एडवर्ड कोल्स्टनचा, पुतळा बंदरात ढकलला. पुढे तो पाण्यातून काढून, अंगावरच्या रंगासकट, संग्रहालयात ठेवला. मला तो मार्ग पटतो. पुतळा हा कुणीतरी कुणाचा तरी केलेला गौरव असतो. गौरव मागे घेण्याचा हक्क समाजाला आहे, फक्त तो उघड चर्चा करून, दिवसाढवळ्या बजावावा.

कबरीचं तसं नाही. ती गौरवासाठी उभारलेली नसते, तिथे एक माणूस संपलेला असतो. आणि हा माणूस कुठे संपला, हे नगरकरांइतकं कुणाला ठाऊक असणार? १६८१ मध्ये दख्खन गिळायला उतरलेला बादशहा पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. राजाराम महाराज, संताजी, धनाजी आणि मग ताराराणी यांनी त्याला गडामागून गड झुंजवत ठेवलं. १७०६ च्या जानेवारीत तो थकून नगरला आला आणि ३ मार्च १७०७ ला भिंगारच्या छावणीत मेला. ती जागा आजही ‘आलमगीर’ म्हणून ओळखली जाते. तिथून देह खुलताबादला नेला. ज्या हिंदुस्थानावर राज्य केलं, त्याच्या एका कोपऱ्यात आभाळाखालची साधी माती वाट्याला आली. आपल्या पूर्वजांच्या पंचवीस वर्षांच्या झुंजीचा हा पुरावा आपणच का पुसायचा?

याच नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने झाले म्हणून मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरकार सांगतात. तो दर्गाही इथेच आहे. कुदळ घेऊन निघालेल्याने कुठली वीट आपली आणि कुठली परकी, हे कसं ठरवायचं?

पेडगावकरांनी वेगळं केलं. मोगल सरदार बहादूरखानाचं नाव मिरवणारा किल्ला त्यांनी पाडला नाही. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. आतलं यादवकालीन लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे, भीमेकडची तटबंदी आहे, आणि शंभूराजांपुढे मान लववायला लोक येत असतात. शाळांच्या सहलीही तिथे न्याव्यात. परतताना त्याच गाड्या भिंगारला थांबवाव्यात आणि १६८९ पासून १७०७ पर्यंत काय घडलं, ते गुरुजींनी तिथे उभं राहून मुलांना सांगावं.