‘रात्री गाडी येईल!’

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही स्वयंपाकघर नवे करावयास काढले. जुना ओटा फुटला, फरशा निघाल्या आणि दोन दिवसांत जिन्याखाली गोण्यांचा ढीग उभा राहिला. “हे सारे जाणार कुठे?” सौभाग्यवतींनी विचारले. कंत्राटदार हसून म्हणाला, “वहिनी, काळजी नको. रात्री गाडी येईल!” सकाळी पाहतो तो जिना स्वच्छ! गाडी रात्रीच का येते, हे विचारावयाचे मला काही सुचले नाही.

उत्तर पुढे ठाण्याच्या खाडीकाठी भेटले. कांदळवनाच्या कडेला फरशा, विटा आणि फुटकी मोरीची भांडी यांचा डोंगर! आमचीच फरशी त्यात असेल असे नाही. पण नसेलच, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

कांदळवनातील तिवरांची झाडे चिखलात उभी असतात. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळे बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. त्यांवर भराव पडला की भरतीचे पाणी अडते, मुळे गुदमरतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. कुऱ्हाड लावावी लागत नाही. मग तेथे सपाट ‘जागा’ तयार होते. आणि मुंबईत जागेला गिऱ्हाईक काय कमी?

मासळीची पिले आणि खेकडे याच मुळांच्या आश्रयाने वाढतात. ती गेली, की कोळ्याचे जाळे रिकामे येते. आपलीही सुटका नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाऊस अफाट होता खराच. तथापि मिठी नदीचे पात्र आणि काठचे कांदळवन भरावाने आकसले नसते, तर पाण्याला वाट तरी अधिक मिळाली असती.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनात राडारोडा टाकण्यास मनाई केली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तर तो नेमलेल्या जागी पोहोचविण्याची जबाबदारी, ज्याच्या घरातून तो निघतो त्याच्यावरच टाकली. म्हणजे माझ्यावर! रात्रीची गाडी स्वस्त पडते. उरलेली किंमत कोळणीच्या टोपलीतून वसूल होते.

यंदा शेजारच्या बिऱ्हाडी ओटा फुटतो आहे. चोंबडेपणाचा दोष पत्करून मी कंत्राटदाराला विचारलेच, “गाडी जाणार कुठे? पावती दाखवाल?” तो चपापला. शेजारी मात्र माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. वाचकहो, दिवाळीची साफसफाई करताना एवढा एक प्रश्न आपणही विचारावा. आपले घर झाडून दुसऱ्याच्या दारात लोटणे, याला काही स्वच्छता म्हणत नाहीत.